माझ्या मशीनवर होत नाही

त्या वर्षी मी दिवसातून तीस-चाळीस वेळा एकच काम करत होतो. कोडमधली एखादी ओळ बदलायची, फाईल सेव्ह करायची आणि स्क्रीनच्या उजव्या अर्ध्यात काय होतंय ते बघत बसायचं. सेव्ह केलं की पुढचं आपोआप व्हायचं. नवा प्रोग्राम तयार व्हायचा, जुना बंद पडायचा, नवा त्याच्या जागी सुरू व्हायचा. चाळीसेक सेकंद लागायचे. चुकलं तर पुन्हा ओळ, पुन्हा सेव्ह. या कामाची एक गुंगी असते. आपण पुढे सरकतोय असं सतत वाटत राहतं.

आमची कंपनी नाशिकचीच. त्र्यंबक रोडवरच्या एका इमारतीचा दुसरा मजला, सगळी मिळून वीस-बावीस माणसं. सीटी स्कॅन आणि एमआरआय सेंटरांच्या इमेजेस आणि रिपोर्ट साठवून ठेवायचं आमचं सॉफ्टवेअर. ते कंटेनरमध्ये चालायचं. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात. डबा कुठल्याही मशीनवर ठेवा, तो चालतो. प्रत्येक सेंटरचे डबे वेगळे, साठवणीची जागा वेगळी. सेंटरं वाढत गेली तसे डबे इतके झाले, की कुठला बंद पडलाय आणि कुठला हलवायचाय हे माणसाने बघणं शक्य राहिलं नाही. म्हणून ते बघणारा एक प्रोग्राम लिहायचं ठरलं. त्याला कंट्रोलर म्हणतात. त्याच्याकडे काय असायला हवं याची यादी असते. प्रत्यक्षात काय आहे ते तो सतत तपासतो. काही कमी असलं तर उभं करतो, यादीत नसलेलं काही पडून असलं तर काढून टाकतो.

हा कंट्रोलर मी लिहीत होतो. आई गेल्यावर वडील एकटे पडले म्हणून पुण्याची नोकरी सोडून मी परत आलो होतो, आणि इथे आल्या दिवसापासून ‘पुण्याहून आलेला’ म्हणून मला जरा वरच्या पाटावर बसवलं गेलं होतं. माझं कोड दुसरं कुणी वाचत नसे. वाचायची कुणाला हिंमत होत नसे, असं मी तेव्हा समजत होतो. खरं म्हणजे कुणाला वेळ नव्हता.

माझ्या कोडची परीक्षा घ्यायचं काम एका मुलीकडे होतं. मुलगी म्हणतो, पण तिशी ओलांडलेली होती. सुरगाण्याच्या बाजूची. आश्रमशाळेत शिकून, नाशिकला डिप्लोमा करून, दोन-तीन ठिकाणी डेटा एन्ट्रीची कामं करत ती टेस्टिंगमध्ये आली होती. पंचवटीत पेठ नाक्याजवळ खोली घेऊन राहायची. तिथून जीप मिळते म्हणून. दर पंधरा दिवसांनी शनिवारी गावी जायची आणि सोमवारी सकाळी थेट ऑफिसला यायची, कधी पिशवीत नागलीचे पापड घेऊन. बोलायची कमी. मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत सुरू झाले की आणखी कमी.

कंपनीने टेस्टिंगवाल्यांना जुने लॅपटॉप दिले होते, आमच्याकडून उतरलेले. तिचा लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं घ्यायचा. माझी आणि तिची तपासायची पद्धतही वेगळी होती. मी माझ्या लॅपटॉपवर एक छोटा क्लस्टर उभा करायचो, म्हणजे गिऱ्हाईकाकडच्या सगळ्या मांडणीची एक लहान प्रतिकृती. त्यात कंट्रोलर चालवायचा, बघायचं, आणि काही बिनसलं की सगळा क्लस्टर पुसून कोरा उभा करायचा. दोन मिनिटांचं काम. दिवसातून चार-पाच वेळा तरी मी तो पुसायचो. तिने मात्र एक क्लस्टर उभा केला आणि तो महिनाभर पुसलाच नाही. त्यात तिने खोटी सेंटरं तयार केली होती. त्यांना नावं दिली होती नागली, वरई, उडीद, खुरासणी, भात. प्रत्येकात रोज थोड्या इमेजेस टाकायची, जशा खऱ्या सेंटरात साठत जातात तशा.

मी एकदा हसून विचारलं, “हे काय शेत लावलंय?”

“सर, रोज नवं उभं केलं तर जुन्याचं काय होतं ते कसं कळणार?” ती म्हणाली.

बहुतेक तोवर माझं लक्ष स्क्रीनकडे वळलं होतं.

कंट्रोलरची नवी आवृत्ती गिऱ्हाईकांना लावायच्या तीन आठवडे आधी तिने तिकीट टाकलं. तिकीट म्हणजे सापडलेल्या चुकीची लेखी नोंद. ज्याचं कोड त्याच्या नावावर ती पडते, आणि तो उत्तर देऊन ती बंद करतो. तिने लिहिलं होतं की कंट्रोलर बंद करून पुन्हा सुरू केला की कधी कधी, वीस वेळांत एखादवेळी, सेंटरची साठवणीची जागाच उडते. तिची वरई आणि खुरासणी दोन्ही गेली होती. इंग्रजी तोडकंमोडकं होतं. काळ चुकलेले, वाक्यं अर्धी. शेवटी इंग्रजीत जमेना म्हणून इंग्रजी अक्षरांतच मराठीत लिहिलं होतं: क्लस्टर पुसू नका, मशीनवर दुसरं जड काम चालू ठेवा, वीस वेळा बंद-चालू करा, मग दिसेल. पायऱ्या एकदम बरोबर होत्या, एकाखाली एक.

मी ते वाचलं आणि मला राग आला. चूक दाखवल्याचा राग होताच, पण त्या इंग्रजीचाही आला. हे मी आज लिहू शकतो. बाजूच्या सहकाऱ्याला मी ते तिकीट दाखवलं आणि आम्ही दोघे हसलो. मग मी माझ्या कोऱ्या क्लस्टरवर, माझ्या नव्या लॅपटॉपवर, तीनदा कंट्रोलर बंद-चालू केला. काही उडलं नाही. उडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मी उत्तर लिहिलं, ‘माझ्या मशीनवर होत नाही’, आणि तिकीट बंद केलं.

ती माझ्या टेबलापाशी आली. “सर, तुम्ही वीस वेळा करून बघितलं?”

“तुझा लॅपटॉप जुना आहे. त्याला मेमरी पुरत नाही. दोष तिथला आहे.”

“पण गिऱ्हाईकाचं मशीन तरी नवं असेल का?”

“ते माझ्यावर सोड,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “मी तुमच्यासमोर करून दाखवते. अर्धा तास लागेल.” मी म्हणालो, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा मी फोनवर होतो. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही.

एका सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही नवी आवृत्ती सगळ्या सेंटरांना लावली. कंट्रोलर बंद झाला, नवा सुरू झाला. सगळं हिरवं दिसलं. मालकांनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली. साडेबाराच्या सुमारास पहिला फोन आला. एका सेंटरच्या बाई म्हणाल्या, “आमच्या जुन्या केसेस दिसत नाहीयेत.” मग दुसरा. एक वाजेपर्यंत सात सेंटरांची साठवणीची जागा उडालेली होती, आणि ती उडवल्याची नोंद माझ्या कंट्रोलरने स्वतःच नीटनेटकी करून ठेवली होती.

चूक सापडायला मला वीस मिनिटं लागली. म्हणजे शोधावी लागलीच नाही. मी तिचं तिकीट उघडलं, पायऱ्या केल्या, अकराव्या वेळी झालं. सुरू होताना कंट्रोलरला ती ‘काय असायला हवं’ची यादी वाचून घ्यावी लागते. मशीन मोकळं असलं तर यादी क्षणात येते. मशीनवर ताण असला तर काही सेकंद उशीर होतो. तेवढ्या वेळात माझा कंट्रोलर रिकामी यादी बघायचा आणि समजायचा की काहीच असायला नको आहे. मग जे होतं ते ‘जास्तीचं’ म्हणून काढायला लागायचा. यादी पूर्ण वाचून होईपर्यंत थांब, एवढी एक ओळ मी लिहिलेली नव्हती.

बॅकअप होता, पण आठ दिवसांपूर्वीचा. मोठ्या सेंटरांच्या स्कॅन मशीनमध्येच प्रती शिल्लक होत्या. छोट्या दोन सेंटरांच्या नव्हत्या. जागा भरते म्हणून ते मशीनमधलं पुसून टाकत, कारण सगळं आमच्याकडे सुरक्षित आहे असं आम्हीच त्यांना सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला त्या दोन छोट्यांपैकी नाशिकरोडच्या सेंटरवर पाठवलं. जे लोक चिडतील त्यांना तांत्रिक कारण समजावून सांगायला. बाकावर एक माणूस त्याच्या आईला घेऊन बसला होता. पेठच्या पलीकडून आले होते, जीप बदलून. म्हातारीला पाठीच्या मणक्याचा त्रास होता, तिला बसताही येत नव्हतं. ती मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती. तिचा एमआरआय चार दिवसांपूर्वीच झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी मूळ इमेजेस मागितल्या आणि त्या नव्हत्या.

“परत कशापायी?” तो काउंटरवरच्या मुलीला विचारत होता. “परवा तर काढला. लय हाल झाले तिचे त्या नळीत. आता ती नाय म्हनती जायला.”

काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. “हे सांगतील. कंपनीचे आहेत.”

मी त्याला सांगितलं की सिस्टीममध्ये बिघाड झाला. तो म्हणाला, “वीज गेली व्हती का?” मी म्हणालो, “हो, तसंच काहीसं.” त्याने मान हलवली. वीज जाणं त्याला समजत होतं, त्यात कुणाचा दोष नसतो. म्हातारीला पुन्हा आत नेलं तेव्हा ती मोठ्याने रडत होती, आणि मी दारापाशी उभा राहून मोबाईलवर मेल वाचत असल्यासारखं करत होतो.

बुधवारी मीटिंग झाली. मालक, मी, टेस्टिंगचे प्रमुख आणि ती. मालक शांत माणूस. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“टेस्टिंगमधून हे सुटलं कसं?” त्यांनी विचारलं.

टेस्टिंगच्या प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं.

“सुटलं नव्हतं, सर,” ती म्हणाली. “मी लिहून दिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, दिलं होतं, मी बंद केलं. पाच-सहा शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, “तिकीट होतं, पण त्यात नेमकं काय करायचं ते स्पष्ट नव्हतं. भाषा थोडी… कळत नव्हती. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. माझ्या मशीनवर मी करून पाहिलं, तेव्हा झालं नाही.”

एकही वाक्य खोटं नव्हतं असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं होतं. पायऱ्या स्पष्ट होत्या. मराठी मला येत नव्हतं असं तर नाही.

मालक तिला म्हणाले, “लिहिणं हे तुझं कामच आहे ना? समोरच्याला कळेल असं लिहायला नको?”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्याकडून अपेक्षित असलेलं आणखी काही मी बोलतोय का, हे ती बघत होती. मग म्हणाली, “तिकीट उघडून बघा ना, सर. आत्ता. इथेच.”

“ते झालं आता,” मालक म्हणाले. “उगाळत बसायचं नाही.”

कुणीही ते तिकीट उघडलं नाही. टेबलावर तीन लॅपटॉप उघडे होते.

तिला काढलं असं कुणी म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात तिला सांगण्यात आलं की टेस्टिंग आता बाहेरून करून घ्यायचं ठरतंय, तिने दुसरीकडे बघितलं तर बरं. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांच्या टेबलावर पापडाची एकेक पुडी ठेवली. माझ्या टेबलावरही ठेवली. मला वाटतं मला वगळणं तिला कमीपणाचं वाटलं असावं. तिचा लॅपटॉप परत आला तेव्हा तो महिन्याभराचा क्लस्टर त्यात तसाच होता. मी तो चालू केला. नागली होती, उडीद होता, भात होता. मी माझी चूक दुरुस्त केली, आणि पुन्हा ती होऊ नये म्हणून जी चाचणी लिहिली ती तिच्या पायऱ्यांवरून शब्दशः उतरवली. क्लस्टर पुसायचा नाही. ताण द्यायचा. वीस वेळा बंद-चालू. चाचणीवर माझं नाव लागलं, कारण ती मी टाइप केली होती.

मग घटनेचा सविस्तर अहवाल मी लिहिला. चांगल्या इंग्रजीत. ‘कुणाला दोष न देता’ लिहायची पद्धत असते, ती मी पाळली. तिच्या तिकिटाचा उल्लेखही त्यात आला नाही. मालकांना तो इतका आवडला की त्यांनी तो गिऱ्हाईकांना पाठवला. इतक्या प्रामाणिकपणे चूक कबूल करणारी कंपनी पाहिली नाही, असं एका डॉक्टरने कळवलं.

घरी वडिलांना मी हे सगळं सांगितलं, जवळपास सगळं. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते, सगळी नोकरी तिथेच. कंट्रोलर म्हटल्यावर त्यांना लगेच समजलं. दुपारी जेवण झाल्यावर ते ऐकत होते, पानाला चुना लावत.

“म्हणजे यादी रिकामी दिसली आणि त्याने खरंच काही नाही असं धरलं,” ते म्हणाले.

“हो.”

“आमच्याकडे काटा शून्यावर आला की आम्ही आधी काट्याकडे बघायचो. मग बॉयलरकडे. शून्य दाखवणं वेगळं आणि काहीच न दाखवणं वेगळं. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवायचो हे.” मग त्यांनी विचारलं, “कुणालाच आधी दिसलं नाही?”

मी म्हणालो, “एका मुलीला दिसलं होतं.”

“मग?”

“तिने लिहिलं होतं. मी बघितलं नाही नीट.”

“आणि तिचं काय झालं?”

मी सांगितलं. वडिलांनी पान तोंडात टाकलं आणि उठून आत गेले. त्यानंतर तीन-चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. भाजी आण, गॅस संपलाय. मला वाटलं होतं ते मला काहीतरी समजुतीचं सांगतील. चाळिशी उलटलेल्या मुलाला बापाने समजवावं अशी अपेक्षा मी का ठेवली होती कुणास ठाऊक.

सहा-सात महिन्यांनी मी तिला फोन केला. माफी मागायचीय म्हणालो. ती रस्त्यावर होती, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

“ते तिकीट आता कसं आहे?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“उघडं आहे का बंद?”

“बंद.”

“कारण काय लिहिलंय?”

“माझ्या मशीनवर होत नाही.”

“मी आता मुलाखतींना जाते,” ती म्हणाली. “सगळीकडे विचारतात, तिथून का सोडलं. मी सांगते. ते म्हणतात, काही लेखी आहे का? लेखी तर तेच आहे ना. तेवढं बदला. माफी राहू द्या.”

तिकिटावरचं कारण बदलू का, असं मी दुसऱ्या दिवशी मालकांना विचारलं. ते म्हणाले, “गिऱ्हाईकांचं ऑडिट आपल्या अहवालावर झालंय. तीन आठवडे आधी माहीत होतं असं आता लिहायचं? वेड लागलंय का?” त्यांचं म्हणणं मला कळलं. फार चटकन कळलं. तिकीट बदलायला त्यांची परवानगी लागत नव्हती. माझ्याच नावावरचं तिकीट, मला एक ओळ लिहायची होती. मी उघडलं, कर्सर तिथे नेला, आणि मग एक मीटिंग होती.

तिला मी ते कळवलं नाही. तिनेही पुन्हा फोन केला नाही.

पुढे पुण्याच्या एका कंपनीतून मला फोन आला. तिच्याबद्दल चौकशी करायला. तिने संदर्भासाठी माझा नंबर दिला होता, किंवा आमच्या ऑफिसने दिला असेल. मी तोंडभरून कौतुक केलं. इतकी काळजीपूर्वक टेस्टिंग करणारी व्यक्ती मी पाहिली नाही, इतरांना दिसत नाही ते तिला दिसतं, वगैरे. पलीकडची बाई टिपून घेत होती. मग तिने विचारलं, “मग तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत?”

“चूक झाली,” मी म्हणालो.

“कुणाची?”

“कंपनीची,” मी म्हणालो.

तिला ती नोकरी मिळाली. हे मला ऑफिसमधल्या दुसऱ्या एका टेस्टरकडून कळलं. आता ती तिथे पाच-सहा जणांच्या टीमची प्रमुख आहे म्हणे. पेठ नाक्याची खोली सोडली, आईवडिलांना पुण्याला घेऊन गेली. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली, कारण त्यात सुटलो बुवा असा एक सूर होता. तिचं जे चांगलं झालं ते तिने केलं. माझ्या वाट्याचं जे होतं ते अजून तसंच आहे.

मी त्याच दुसऱ्या मजल्यावर आहे. आता माझ्या हाताखाली चार जण आहेत. नवीन माणूस रुजू झाला की त्याला पहिल्या आठवड्यात तो अहवाल वाचायला देतात, चूक झाल्यावर कसं लिहावं याचा नमुना म्हणून. मागच्या महिन्यात एकाने वाचून झाल्यावर मला विचारलं, “सर, हे टेस्टिंगमध्ये कुणालाच सापडलं नव्हतं?”

मी म्हणालो, “वाचलंस ना? त्यात आहे ते सगळं.”

त्याने पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.